वरातीमागून सुनावणी

आर्सेनलची जर्सी घालून रात्री उशिरापर्यंत मॅच बघणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींना त्यांच्या क्लबच्या मालकाबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. स्टॅन क्रोंकी त्याचं नाव. पूर्ण नाव एनॉस स्टॅनली क्रोंकी. तो अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात जन्मला. त्याच्या नावातले पहिले दोन्ही शब्द सेंट लुईस शहराच्या बेसबॉल टीममधल्या दोन लाडक्या खेळाडूंवरून घरच्यांनी ठेवलेले. १९९५ साली रॅम्स ही फुटबॉल टीम लॉस एंजेलिसहून सेंट लुईसला आली, तेव्हा पैसा घालून तिच्यात भागीदार झाला तो हाच. २०१० मध्ये तो पूर्ण मालक झाला. आणि जानेवारी २०१६ मध्ये तीच टीम परत लॉस एंजेलिसला न्यायची मंजुरी मिळवणाराही हाच.

(हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात धरून पळायचा अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल, पायाचा संबंध बेताचा. पण टीम पळवण्याच्या बाबतीत दोन्ही फुटबॉल एकाच माळेचे मणी आहेत, ते पुढे येईलच.)

मालक टीम घेऊन गेला, यावर रडून झालंय. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. टीम जाण्याआधी अडीच महिने त्या शहरात एक जनसुनावणी झाली. लोकांना बोलावलं, माईक दिला, सुमारे तीन तास ऐकून घेतलं. त्या माईकनं शहराला काहीही दिलं नाही. लीगला मात्र बरंच दिलं: आम्ही लोकांचं ऐकलं, असं म्हणायची सोय.

झालं असं. २०१५ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगमधल्या, म्हणजे एनएफएलमधल्या, तीन टीमना लॉस एंजेलिस खुणावत होतं. सेंट लुईसची रॅम्स, सॅन डिएगोची चार्जर्स आणि ओकलंडची रेडर्स. वीस वर्षं त्या अवाढव्य शहरात लीगची एकही टीम नव्हती, आणि रिकामं टीव्ही मार्केट मालकांना कसं दिसतं ते वेगळं सांगायला नको. लीगचं स्थलांतराबाबत एक लेखी धोरण आहे. जिथून टीम निघू बघते त्या गावात लीगनं जाहीर सुनावणी घ्यावी, असं त्यात म्हटलंय. म्हणून २७ ऑक्टोबरला सेंट लुईस, २८ ला सॅन डिएगो, २९ ला ओकलंड, अशा सलग तीन रात्री तीन सुनावण्या झाल्या. तिन्ही जुन्या, देखण्या थिएटरांत. सेंट लुईसला तर चक्क ऑपेरा हाऊस. जागा कुणी निवडली माहीत नाही, पण प्रयोगाला साजेशी होती.

यांची रेकॉर्डिंग मी पाहिली आहेत. स्टेजवर टेबल, टेबलामागे लीगचे अधिकारी, त्यांच्यात प्रमुख एरिक ग्रबमन नावाचे उपाध्यक्ष. समोर जर्सी घातलेली माणसं. ओकलंडकर तर चेहरे रंगवून, खांद्यावर काटेरी चिलखतं चढवून आलेले, कारण मॅचच्या दिवशी ते तसेच जातात. एकेक जण माईकवर येतो. कुणी वडिलांबरोबर पाहिलेली पहिली मॅच सांगतो, कुणी पिढ्यान् पिढ्या जपलेली तिकिटं. आवाज चढतो, कधी गळा दाटतो. दोन-चार मिनिटांत आयुष्य सांगायचं आणि जागेवर जाऊन बसायचं. अधिकारी नम्र आहेत. ते मान हलवतात, टिपणं घेतात.

मराठीत ‘सुनावणी’ हा शब्द मोठा मजेशीर आहे. ऐकून घेणं हा त्याचा एक अर्थ, आणि ‘सुनावणे’ म्हणजे चार शब्द तोंडावर ऐकवणं हाही त्याच घरातला. त्या तीन रात्री लोकांनी भरपूर सुनावलं. ऐकायला हवं ते मात्र तिथं नव्हतेच.

निर्णय घ्यायचा होता ३२ टीमच्या मालकांनी, त्यातल्या २४ जणांचा होकार लागतो. टेबलामागे बसले होते ते त्यांचे नोकर. ज्यांच्या टीमबद्दल हे सगळं चाललं होतं, त्या तिघांपैकी क्रोंकी सेंट लुईसला फिरकला नाही. चार्जर्सचे डीन स्पॅनोस सॅन डिएगोच्या सुनावणीला आले नाहीत, त्यांचा वकील येऊन लोकांचा हुर्यो खाऊन गेला. एकटे रेडर्सचे मार्क डेव्हिस ओकलंडला आले आणि स्वतः बोलले. त्यांना तेवढं श्रेय द्यायलाच हवं. दीड वर्षाच्या आत त्यांनीही टीम लास वेगासला न्यायची मंजुरी मिळवली.

आणि मुळात ठरायचं काय शिल्लक होतं? जानेवारी २०१४ मध्ये क्रोंकीनं लॉस एंजेलिसला लागून असलेल्या इंगलवूडमध्ये ६० एकर जमीन घेतली होती. जानेवारी २०१५ मध्ये तिथल्या स्टेडियमची योजना जाहीर झाली. फेब्रुवारीत इंगलवूडच्या नगर परिषदेनं ती ५-० अशी मंजूर केली, गावात मतदान न घेता. त्यानंतर आठ महिन्यांनी सेंट लुईसच्या लोकांना विचारलं गेलं, की तुम्हाला काय वाटतं? वरातीमागून घोडं आपण ऐकून आहोत. इथं वरात, नवरदेव, बँड सगळं पुढे गेलेलं, आणि मागे लोकांना विचारतायत की स्थळ पसंत आहे का.

आता ‘फॅन सपोर्ट’ या शब्दाकडे या, कारण खरी मेख तिथं आहे.

टीम हलवावी की नाही हे ठरवताना काय काय बघायचं, याची यादी त्या धोरणात आहे. स्टेडियमची अवस्था, क्लबची आर्थिक स्थिती, स्थानिक यंत्रणेची तयारी, आणि हो, फॅनची निष्ठा आणि पाठिंबाही. हे वाचून फॅनला वाटतं, आपण आपलं प्रेम सिद्ध केलं की केस जिंकली. म्हणून तो सुनावणीला जातो. पण ही मोजपट्टी एकाच दिशेनं मोजते. स्टेडियम रिकामं असेल तर तो तुमच्याविरुद्ध पुरावा. भरलेलं असेल तर तो तुमच्या बाजूचा पुरावा होत नाही, मग मुद्दा स्टेडियमच्या छताचा किंवा व्हीआयपी बॉक्सचा निघतो.

सेंट लुईसचं बघा. जानेवारी २००० मध्ये या टीमनं सुपर बोल जिंकला, शहर वेडं झालं. २००३ नंतर मात्र तिथं असेपर्यंत एकाही मोसमात रॅम्सनं हरल्यापेक्षा जास्त मॅच जिंकल्या नाहीत. बारा मोसम. तरी लोक येत होते, कमी झाले पण येत होते. आणि जानेवारी २०१६ मध्ये क्लबनं स्थलांतराचा जो अर्ज केला, त्यात सेंट लुईस आर्थिकदृष्ट्या मागं पडलेलं शहर आहे आणि शहरानं देऊ केलेलं नवं स्टेडियम जो कुणी घेईल तो दिवाळखोरीच्या वाटेला लागेल, असं लिहिलं. खानावळीनं बारा वर्षं करपलेली भाकरी वाढायची आणि शेवटी पाटी लावायची, ‘या गावात खवय्ये नाहीत’.

सॅन डिएगोची गोष्ट याहून बोलकी आहे. चार्जर्स तिथं १९६१ पासून होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नव्या स्टेडियमसाठी हॉटेल कर वाढवायचा प्रस्ताव मतदानाला आला. दोन तृतीयांश मतं हवी होती, ४३ टक्क्यांच्या आसपास मिळाली. दोन महिन्यांत टीम गेली. त्या मतदारांना नंतर बोल लावले गेले की तुमचं प्रेम खोटं. मी पूर्णपणे त्या मतदारांच्या बाजूनं आहे. अब्जाधीशाच्या इमारतीसाठी कर वाढवून दिला तरच प्रेम खरं, हा कुठला हिशोब? हुंडा दिला नाही म्हणून माया कमी, असं म्हणण्यासारखं आहे हे. आणि एवढं करून चार्जर्स गेले कुठं, तर लॉस एंजेलिसजवळच्या एका २७,००० आसनांच्या सॉकर स्टेडियमवर. तिथं तीन मोसम खेळले, आणि घरच्या मैदानावर पाहुण्या टीमच्या रंगानं भरलेली स्टँड बघत राहिले. फॅन सपोर्ट हा निकष खरंच निकष असता, तर त्याच क्षणी त्यांना परत पाठवायला हवं होतं.

याहून कमी चर्चा होते ती आणखी एका आकड्याची. लॉस एंजेलिसला जाण्याबद्दल रॅम्सनं लीगला ५५ कोटी डॉलर शुल्क द्यायचं ठरलं. हे शुल्क जातं कुणाकडे? बाकीच्या टीमच्या मालकांकडे, वाटून. म्हणजे ज्यांनी मत द्यायचं, त्यांनाच होकाराचे पैसे. १२ जानेवारी २०१६ ला ह्यूस्टनमध्ये मतदान झालं, ३० विरुद्ध २. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत याला दुसरा शब्द आहे.

आणि सेंट लुईसच्या डोक्यावर काय राहिलं? १९९५ चं जुनं स्टेडियम राज्य, शहर आणि काउंटी यांनी कर्ज काढून बांधलेलं. टीम गेल्यावरही काही वर्षं त्याचे हप्ते चालू होते. ओकलंडचंही तेच, १९९५ मध्ये रेडर्सना परत आणताना स्टेडियम वाढवलं, त्याचं कर्ज टीम गेल्यावरही फिटलेलं नव्हतं. गाडी गेली, ईएमआय राहिला.

इथं एक शहाणा माणूस नेहमी उठतो आणि म्हणतो, अहो, खासगी मालमत्ता आहे. मालक आपलं दुकान हलवतो, तुम्ही कोण? ठीक. मग दुकानासारखी वागणूक घ्या ना. दुकान हलवलं तर त्या गावात दुसरं दुकान उघडता येतं. एनएफएलमध्ये ३२ जागा आहेत आणि तेहतिसावी द्यायची की नाही हे तेच ३२ ठरवतात. टीम मुद्दाम कमी ठेवायच्या, म्हणजे शहरं एकमेकांशी बोली लावतात. टीव्हीचे हक्क सगळ्यांनी मिळून विकायला १९६१ च्या कायद्यानं मक्तेदारीविरोधी नियमांतून सूट दिली आहे. कर्ज सरकारनं काढायचं, सूट संसदेनं द्यायची, आणि जायची वेळ आली की मालमत्ता खासगी. लास वेगासनं तर रेडर्सच्या स्टेडियमसाठी ७५ कोटी डॉलर हॉटेल करातून दिले. हे कसलं दुकान?

त्यांच्यातच एक टीम अशी आहे जी कुणी पळवू शकत नाही. ग्रीन बे पॅकर्स. गावाची वस्ती लाखाच्या थोडी वर, सांगलीहूनही बरीच लहान. पण टीमचे पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत, त्यांना लाभांश मिळत नाही आणि टीम कुणा एकाची नाही. १९२३ पासून हे असंच आहे. लीगनं काय शिकावं यातून? तिनं नियम केला की दुसऱ्या कुठल्याही टीमला अशी मालकी चालणार नाही.

कोल्हापूरकरांना हे पटकन कळेल. पाटाकडील तालीम मंडळ किंवा दिलबहार तालीम उद्या कुणी नाशिकला हलवतो म्हणाला तर काय होईल? काहीच होणार नाही, कारण ते वाक्यच कुणाला कळणार नाही. तालीम पेठेची असते. तिला मालक असलाच तर पेठच. शाहू स्टेडियमवर जीव टाकणाऱ्या पोरांना आपलं प्रेम कुठल्या टेबलासमोर सिद्ध करावं लागत नाही.

मग टीम वाचवता येत नाहीत का? येतात. पण कशामुळे वाचल्या ते नीट बघायला हवं. ६ नोव्हेंबर १९९५ ला आर्ट मोडेल या मालकानं क्लीव्हलंड ब्राउन्स ही टीम बाल्टिमोरला नेत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंडच्या मतदारांनी जुन्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी कर चालू ठेवायला ७२ टक्क्यांच्या आसपास मतांनी होकार दिला. फॅन सपोर्टचा याहून मोठा पुरावा जगात कुठं मिळेल? मोडेल थांबला नाही. त्याला अडवलं ते एका कोरड्या कागदानं. स्टेडियमच्या भाडेकरारात टीमनं १९९८ पर्यंत तिथंच खेळायचं असं कलम होतं, आणि शहर त्यावरून कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली. खेळाडू घेऊन मोडेल गेला, पण ब्राउन्स हे नाव, ते रंग, सगळा इतिहास क्लीव्हलंडकडे राहिला, आणि १९९९ मध्ये नवी टीम त्याच नावानं मैदानात उतरली. रडलेले सगळेच होते, म्हणजे १९८४ मध्ये बाल्टिमोरही रडलं होतं, रात्रीत ट्रक भरून त्यांची कोल्ट्स टीम इंडियानापोलिसला गेली तेव्हा. त्यांच्या हातात कागद नव्हता. (आणि अकरा वर्षांनी त्याच बाल्टिमोरनं क्लीव्हलंडची टीम उचलली. लुटलेलं गाव पुढच्या गावाला लुटतं, हा या धंद्याचा अलिखित नियम दिसतो. सेंट लुईसची आधीची टीम १९८८ मध्ये ॲरिझोनाला गेली होती, मग त्यांनी लॉस एंजेलिसची आणली.)

१९९६ मध्ये ओहायो राज्यानं कायदाच केला. करदात्यांच्या पैशाच्या स्टेडियमवर खेळणाऱ्या टीमला बाहेर जायचं असेल तर सहा महिने आधी नोटीस द्यायची आणि स्थानिक लोकांना टीम विकत घ्यायची संधी द्यायची. लोक त्याला मोडेल कायदाच म्हणतात. २०१७ मध्ये कोलंबस क्रू या सॉकर टीमचा मालक तिला टेक्ससमधल्या ऑस्टिनला न्यायला निघाला, तेव्हा हा कायदा कपाटातून बाहेर आला. फॅननी ‘सेव्ह द क्रू’ मोहीम चालवली, राज्य आणि शहर कोर्टात गेलं, आणि टीम स्थानिक खरेदीदारांकडे आली. ती आजही कोलंबसमध्ये आहे. मोहिमेशिवाय कायदा झोपून राहिला असता हे खरं. पण कायद्याशिवाय मोहीम म्हणजे पुन्हा तेच, ऑपेरा हाऊस.

या गोष्टीचा पुढचा भाग कादंबरीत घातला तर संपादक कापून टाकेल. कोलंबसला वाचवणाऱ्या खरेदीदारांत प्रमुख होतं हॅसलम कुटुंब. हेच कुटुंब क्लीव्हलंड ब्राउन्सचंही मालक. आता त्यांना ब्राउन्स शहराबाहेर ब्रूक पार्कला न्यायची आहे. शहरानं मोडेल कायदा काढून दाखवला, तर तेच कोर्टात त्याच्याविरुद्ध उभे राहिले. २०२५ मध्ये विधिमंडळानं कायदा बदलून तो फक्त राज्याबाहेर जाणाऱ्या टीमपुरता ठेवला, आणि शेवटी शहरानं १० कोटी डॉलरवर तडजोड केली. म्हणजे कागदही राखावा लागतो, नाहीतर वाळवी लागते.

सेंट लुईसनं शेवटी काय केलं हेही सांगते. २०१७ मध्ये शहर, काउंटी आणि स्टेडियमच्या प्राधिकरणानं लीगवर खटला भरला. मुद्दा असा की तुमचं स्थलांतराचं धोरण हा करार आहे आणि तुम्ही तो पाळला नाही. त्या धोरणात स्पष्ट लिहिलंय, की जास्त कमाई होईल एवढ्याच कारणानं टीम हलवायचा हक्क कुणालाही मिळत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये लीगनं ७९ कोटी डॉलर देऊन खटला मिटवला. त्यातले एक तृतीयांशाहून जास्त वकिलांना गेले, उरलेल्यासाठी तिन्ही संस्था वर्षभर आपसात भांडत बसल्या, आणि टीम परत आली नाही ती नाहीच. ओकलंडनंही खटला भरला होता, त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. पण एवढं लक्षात घ्या, लीगकडून एक छदाम जरी निघाला असेल तर तो धोरणाच्या कागदावर बोट ठेवल्यावर निघाला. तीन रात्रींच्या अश्रूंची किंमत कुणी दिली नाही.

इंग्लंडमधल्या विम्बल्डन एफसीचं प्रकरण सॉकरवाल्यांना ठाऊक असेल. क्लबला मिल्टन कीन्सला जायचं होतं, तिघांची समिती नेमली, तिनं फॅनच्या संघटनेचीही बाजू ऐकली, आणि २८ मे २००२ ला २ विरुद्ध १ मतानं परवानगी दिली. फॅननी नवा क्लब काढून पुन्हा उभं राहणं हे फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असा शेराही त्या समितीनं मारला. फॅननी काही आठवड्यांत नवा क्लब काढला. विम्बल्डनच्या माळरानावर जो येईल त्याची निवड चाचणी घेतली, नवव्या पायरीच्या लीगपासून सुरुवात केली, २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचले आणि २०२० मध्ये प्लाव लेनच्या आपल्या जुन्या परिसरात, स्वतःच्या नव्या स्टेडियमवर परतले. एएफसी विम्बल्डनची सूत्रं फॅनच्या ट्रस्टकडे आहेत. त्या देशाला यातून कायदा करायला मात्र २०२५ उजाडलं. आता इंग्लंडमध्ये क्लबला मैदान बदलायचं तर नियामकाची परवानगी लागते.

‘अमेरिका-इंग्लंडची भांडणं आपल्याला काय?’ असं वाटत असेल तर बालेवाडीला या.

एफसी पुणे सिटी हा इंडियन सुपर लीगमधला पहिल्या, २०१४ च्या मोसमापासूनचा क्लब. २०१७-१८ मध्ये त्यांनी उपांत्य फेरी गाठली. पुढच्या वर्षभरात कारभार कोलमडला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधली त्यांची जागा हैदराबाद एफसी या नव्या क्लबला मिळाली. त्याच उन्हाळ्यानंतर दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाली. हैदराबादनं २०२२ मध्ये गोव्यात फायनल जिंकून विजेतेपद घेतलं. मग तिथंही पैशांची बोंब, आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुण्याची जागा हैदराबादला, हैदराबादची दिल्लीला, दिल्लीची आधीच भुवनेश्वरला. संगीत खुर्ची चालू आहे, फक्त गाणं प्रेक्षकांना ऐकू येत नाही. यातल्या एकाही वेळी जाहीर सुनावणी झाली नाही.

पुण्यात प्रेक्षक होतेच कुठे, असं म्हणणारे भेटतात. पाच मोसमांचा क्लब होता हो. पाच वर्षांत मूल शाळेतही जेमतेम जातं. आई-वडिलांचा हात धरून पहिली मॅच बघितलेली पोरं मोठी होऊन स्वतःच्या पैशानं तिकीट काढतात, तेव्हा कुठं फॅन सपोर्ट नावाची गोष्ट तयार होते.

तर मग आपणही सुनावणीची मागणी करायची का? मला ती भीती आहे, की पुढच्या वेळी आपण नेमकी तीच मागणी करू आणि ती आनंदानं मान्य होईल. आपल्याला या प्रकाराची सवय आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणीय जनसुनावणी होते. चित्रीकरण होतं, शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात, एनएफएलपेक्षा बऱ्याच शिस्तीत. आमच्या भागातल्या एका खाणीच्या सुनावणीला मी गेले होते. लोक पोटतिडकीनं बोलले. इतिवृत्त वाचायला घेतलं तेव्हा निम्मा मंडप रिकामा झाला होता, आणि निर्णय अर्थातच दुसऱ्याच शहरात व्हायचा होता. याउलट ओडिशातल्या नियमगिरीचं आठवा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही नाही म्हणाल्या, आणि डोंगरावरची बॉक्साइटची खाण थांबली. तिथंही लोक बोललेच होते. फरक एवढाच, की त्यांच्या बोलण्यामागे वनहक्क कायदा होता. डोंगर आणि फुटबॉल टीम एका तोलाच्या गोष्टी आहेत असं मी म्हणत नाहीये. ऐकून घेणं आणि संमती घेणं यातलं अंतर मात्र दोन्हीकडे तेवढंच आहे.

बालेवाडीचं क्रीडासंकुल सरकारी आहे. मुंबईत अंधेरीचं फुटबॉलचं मैदान महापालिकेच्या संकुलात आहे. महाराष्ट्रात कुणाही नव्या मालकाला टीम आणायची असेल तर तो आधी या दारात येणार, आणि ती वेळ आपली. जायच्या वेळी त्याला आपली गरज नसते, यायच्या वेळी असते. भाडेकरारात कलम घाला: जायचं असेल तर सहा महिने आधी जाहीर नोटीस, त्या काळात स्थानिकांना विकत घ्यायची पहिली संधी, नाव, रंग, चिन्ह आणि रेकॉर्ड शहराकडे, आणि अकादमीतल्या मुलामुलींचा मोसम पूर्ण होईपर्यंतचा खर्च भागेल एवढी अनामत. मालक म्हणेल, इतक्या अटी असतील तर मी दुसऱ्या शहरात जातो. जाऊ द्या. जो पहिल्या दिवशी या अटींवर सही करत नाही, तो पाचव्या वर्षी काय करणार ते तो आजच सांगतोय.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आणि महाराष्ट्रात तो एका विषयापुरता नि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. मी बसवलाय. बालेवाडीचं मुख्य स्टेडियम व्यावसायिक फुटबॉलसाठी आजवर कुणाकुणाला, किती काळासाठी, किती भाड्यानं दिलं, त्या करारांच्या प्रती द्या. त्यांत क्लब बंद झाल्यास किंवा दुसऱ्या शहरात गेल्यास लागू होणारं कलम असेल तर त्याचा क्रमांक सांगा. नसेल तर ‘नाही’ असं लेखी द्या.